अक्षराची बाजू वर

तुमच्या शाळेत, वाचनालयात किंवा घरी कुणा मोठ्या माणसाचं हस्ताक्षर काचेत बसवून भिंतीला टांगलेलं असेल, तर ती चौकट उतरवून तिच्या मागे काय आहे, हे तुम्ही कधी पाहिलं आहे का?

पाहिलं नसेल. आपण कुणीच पाहत नाही. समोर अक्षर दिसतं, खाली नाव असतं, आपण हात जोडतो आणि पुढे सरकतो.

असा सवाल टाकून सुरुवात करायची खोड मला बाबांनी लावली. अमरावतीत आमचा लहानसा छापखाना होता. लग्नपत्रिका आणि पुस्तकांची मुखपृष्ठं यांवर घर चालायचं आणि पत्रकांवर बाबा चालायचे. नळाला पाणी नाही, काढ पत्रक. शिक्षकांचे पगार थकले, काढ पत्रक. 'कमळ' वाचता येण्याआधी मला 'जाहीर निषेध' वाचता यायला लागलं. पत्रकाचे त्यांचे नियम दोनच होते. पहिली ओळ वाचणाऱ्याच्या अंगावर गेली पाहिजे आणि शेवटी मागणी पाहिजे. मागणी नसेल तर ते पत्रक नाही, रडगाणं, असं ते म्हणायचे.

हे रडगाणं नाही. मागणी शेवटी आहे.

छापखान्याच्या मागच्या गल्लीत एक जोडपं राहायचं. ते कॉलेजात मराठी शिकवत आणि कथा लिहीत. बाई शाळेत चित्रकला शिकवत आणि चित्रं काढत. गाव त्यांना 'लेखक' आणि 'लेखकाची मिसेस' म्हणायचं. आमच्यासाठी ते काका आणि काकू. मुखपृष्ठांचा जाड कागद कापला की कडेच्या पट्ट्या आणि तुकडे उरत. त्यातले वहीच्या पानाएवढे तुकडे बाबा बाजूला काढून ठेवत आणि शनिवारी त्यांच्याकडे पोचवत. मी बाबांच्या सोबत जायची, कारण काकूंकडे सांभारवडी मिळायची आणि चित्रं पाहायला मिळायची.

त्या घरात कामाची एक रीत होती. ती मी दुसऱ्या कुठल्याच घरात पाहिली नाही. सकाळी शाळेत जायच्या आधी काकू एका कागदावर काळ्या शाईने चित्र काढायच्या. ते टेबलावर ठेवून वर अडकित्ता ठेवायच्या, कूलरच्या वाऱ्याने उडू नये म्हणून. दुपारी काका कॉलेजातून येत, जेवत, चित्र बराच वेळ बघत बसत आणि मग कागद उलटा करून त्याच्या पाठीवर निळ्या शाईने लिहायला लागत. चित्राबद्दल तोंडाने काही बोलायचं नाही, असा करार होता. जे म्हणायचं ते मागच्या बाजूला लिहायचं. संध्याकाळी काकू ते वाचायच्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुढचं चित्र काढायच्या. काकांच्या कथा अशा पुढे सरकत.

चित्र नसलेल्या कागदावर काका लिहीत नसत. कोऱ्या कागदाले मी भेतो, असं ते बाबांना हसत सांगायचे. आणि भांडण झालं की काकू चित्र काढायच्या नाहीत. मग टेबलावर नुसता अडकित्ता. एकदा हा हरताळ इतका लांबला की दिवाळी अंकाच्या संपादकाचा फोन आमच्या छापखान्यात आला, सर फोन उचलत नाहीत म्हणून. बाबांनी त्यांना सांगितलं की कामगारांच्या मागण्या मान्य झाल्या नाहीत, काम बंद आहे. संपादकाला काही कळलं नाही. काकांना कळलं. त्यांनी त्याच संध्याकाळी बाजारातून काकूंना हवी होती ती शाई आणली.

हे सगळं सांगते आहे ते गोड आठवणी म्हणून नाही. कागदाची पुढची बाजू कोणती होती, हे आधी पक्कं समजून घ्या, म्हणून सांगते आहे.

काका गेले. काकूंना घर झेपेना, त्या मुलाच्या फ्लॅटमध्ये गेल्या, तिथे पुस्तकांनाच जागा नव्हती. जुन्या घरात कपाटाच्या मागून वाळवी चढायला लागली होती. तेव्हा अकोल्याच्या एका संस्थेने विचारलं की सरांचे कागद आम्हाला द्या, आम्ही कायमचं दालन करतो. काकूंनी दिले. दानपत्रावर सही केली. पेट्या टेम्पोत चढवायला मी आणि बाबा गेलो होतो. काकूंनी प्रत्येक गठ्ठ्याला जुन्या साडीचा काठ फाडून बांधला होता आणि वरचा कागद चित्राची बाजू वर करून ठेवला होता.

उद्घाटनाला मी काकूंना एसटीने अकोल्याला घेऊन गेले. संस्थेने गाडी पाठवायचं कबूल केलं होतं, ती मुख्य पाहुण्यांना आणायला गेली. वाटेत काकू खुशीत होत्या. भिंतीवर कोणतं चित्र कोणत्या चित्राशेजारी लावलं असेल, याचा अंदाज त्या करत होत्या. मशीनवाली दारासमोरच लावली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं.

मशीनवाली म्हणजे कोण, ते सांगते. काकूंची पहिली नोकरी दर्यापूरला होती. रोज जीपने जाणं-येणं. दर्यापूरच्या स्टँडवर त्यांनी एक बाई पाहिली होती, डोक्यावर शिलाई मशीन घेऊन उभी असलेली. प्रत्येक जीपवाला तिला नाही म्हणत होता, कारण मशीनला एका माणसाची जागा लागते. बाई मशीन खाली ठेवत नव्हती, कारण खाली ठेवलं तर परत डोक्यावर चढवून द्यायला कोणी नव्हतं. चाक फिरू नये म्हणून तिने त्याला पोराचं लंगोट बांधलं होतं. हे काकूंनी काढलं. काकांनी त्या कागदाच्या पाठीवर जी कथा सुरू केली, ती त्यांची सगळ्यात गाजलेली कथा. काका स्वतः दर्यापूरला कधीही गेले नाहीत. त्यांना जीप लागायची. शेजारच्या भातकुलीपर्यंत जायचं तरी उलटी होऊ नये म्हणून खिशात लिंबू ठेवत.

दालन मोठं होतं. थंडगार. भिंतीभर चौकटी, पिवळे दिवे. प्रत्येक चौकटीत काकांचं निळं अक्षर.

काकू पहिल्या चौकटीपाशी थांबल्या. मग दुसरीपाशी. मग त्यांनी तिसऱ्या चौकटीचा खालचा कोपरा धरून ती भिंतीपासून जराशी पुढे ओढली आणि मान वाकडी करून मागे बघितलं. एक कार्यकर्ता धावत आला, हात लावू नका म्हणाला. त्याच्यामागून संस्थेचे अध्यक्ष आले. निवृत्त वकील, सभ्य माणूस, काकांचे जुने वाचक. काय झालं, वहिनी, असं त्यांनी विचारलं.

"मागचं कुठी गेलं?" काकू म्हणाल्या.

"मागे काय, वहिनी? मागे पुठ्ठा आहे."

मग त्यांनी अभिमानाने सगळं समजावून सांगितलं. कागद जुने, कडा वळलेल्या, म्हणून प्रत्येक कागद पुठ्ठ्यावर पूर्ण चिकटवून घेतला. सुतार वापरतात तो पांढरा गोंद, सगळ्यात पक्का. बुडबुडे येऊ नयेत म्हणून वरून लाटणं फिरवलं. आता शंभर वर्षं हलायचं नाही. मी विचारलं की कागदाच्या दुसऱ्या बाजूला चित्रं होती, ती तुम्ही पाहिली नाहीत का. पाहिली होती. ते म्हणाले, "हो, रेखाटनं होती काही. रफ कागद होते ते, बेटा. सर काटकसरी माणूस. बायकोचे वापरलेले कागदही वाया जाऊ देत नसत."

काटकसर. या माणसाने सगळ्या कथा वाचल्या होत्या. त्यातले उतारे त्याला पाठ होते. आणि प्रत्येक कागदाच्या दुसऱ्या बाजूला एक पूर्ण चित्र आहे, ते कथेशी जुळतं आहे, हे डोळ्यांसमोर असताना त्याला सुचलं ते एवढंच, की थोर लेखक रद्दीवर लिहायचा. चिकटवण्याआधी फोटो काढले होते का, असं मी विचारलं. काढले होते. अक्षराच्या बाजूचे. चौकटवाल्याने विचारलंही होतं, कोणती बाजू वर घेऊ. अध्यक्ष हसून म्हणाले, "आता हे काय विचारणं झालं? अक्षराची बाजू वर."

काकूंनी माझं मनगट धरलं आणि त्या खुर्चीत जाऊन बसल्या. मग भाषणं झाली. मुख्य पाहुण्यांनी मशीनवालीच्या कथेबद्दल सांगितलं. चाकाला बांधलेलं ते लंगोट, म्हणाले, असा तपशील फक्त थोर लेखकाच्या नजरेलाच दिसतो. टाळ्या पडल्या. दर्यापूरच्या स्टँडवर उन्हात उभी राहून ती नजर ज्या बाईने कमावली, ती पहिल्या रांगेत बसली होती. तिला शाल-श्रीफळ दिलं. सावलीसारखी साथ दिल्याबद्दल.

जाताना मी काचेचं कपाट पाहिलं. काकांचा चष्मा, काकांचं पेन, काकांचा पानाचा डबा. खालच्या खणात काकूंचा टाक आणि शाईची दौत. त्यावर चिठ्ठी: 'लेखकाच्या पत्नीच्या वस्तू'. आणि अडकित्ता पानाच्या डब्याशेजारी ठेवला होता. काका पान खात, पण सुपारी कातरलेली आणत. तो अडकित्ता आयुष्यभर फक्त चित्रं दाबायला वापरला गेला होता.

आम्ही एसटीने परत निघालो. बडनेऱ्याच्या अलीकडे काकूंनी शाल घडी करून माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाल्या की तुझ्या आईला दे, मला गरम होतं.

मी घरी येऊन बाबांसमोर ओरडले. अध्यक्षांवर, पाहुण्यांवर, चिठ्ठी लिहिणाऱ्यावर. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि काकांची पुस्तकं काढून माझ्यासमोर ठेवली. प्रस्तावना वाच म्हणाले. मी वाचल्या. पहिल्या पुस्तकात, 'पत्नीच्या सहकार्याशिवाय हे शक्य नव्हते.' दुसऱ्यात तेच, शब्द थोडे पुढेमागे. शेवटच्यात तेवढंही नाही. कुठेही असं लिहिलेलं नाही की या कथा चित्रांच्या पाठीवर लिहिल्या आहेत. काका घरात बोलायचे, बाबांना हसत सांगायचे, पण छापलं कधी नाही. मला काका फार आवडायचे. मी पहिली कविता लिहिल्यावर त्यांनी मला पेढा दिला होता. तरी हे इथे लिहिते, कारण पांढरा गोंद अकोल्यात लागला, पण कागद उलटा ठेवायची सुरुवात अमरावतीत, त्या टेबलावरच झाली होती. अध्यक्ष तरी काय वाचणार? जे छापलं तेच.

म्हणून अध्यक्षांना सोडायचं का? नाही. चूक कळल्यावर त्यांनी काय केलं, ते पाहा.

नागपूरला एक बाई जुने कागद दुरुस्त करतात. मी त्यांना अकोल्याला आणलं. संस्थेने बऱ्याच आढ्यावेढ्यानंतर एक चौकट उघडू दिली. त्यांनी ओला कापूस काडीला गुंडाळून अक्षराच्या अगदी कडेला टेकवला. निळी शाई लगेच पसरली. मग आमच्याकडे राहिलेलं काकूंचं एक जुनं चित्र तसंच तपासलं. काळी रेघ हलली नाही. त्यांचं म्हणणं स्पष्ट होतं. हा गोंद कोरडा सोडवता येत नाही, कागद फाटेल. कोमट पाण्यात भिजत ठेवला तर हळूहळू सुटेल, चित्रं बहुतेक वाचतील, पण अक्षर धुऊन जाईल. दोन्ही बाजू राहणार नाहीत. कोणती ठेवायची, ते तुम्ही ठरवा.

आता तुम्हीच विचार करा. काकांच्या कथा छापून झाल्या आहेत, त्यांच्या आवृत्त्या निघाल्या आहेत, मुलांना अभ्यासाला आहेत. त्या भिंतीवरच्या अक्षरांचे फोटोही काढलेले आहेत. एक शब्द हरवणार नाही. आणि चित्रं? ती जगात आणखी कुठेही नाहीत. पुठ्ठा आणि निळी शाई यांच्या मध्ये, अंधारात, तोंड दाबलेल्या माणसासारखी पडली आहेत.

संस्थेच्या समितीने बैठकीत सांगितलं, हस्ताक्षर म्हणजे लेखकाचा देह. त्याला पाणी लावणं म्हणजे विटंबना. आणि दानपत्र झालेलं असल्याने निर्णय समितीचा. पेट्यांमध्ये अजून पुष्कळ गठ्ठे उरलेले आहेत. पावसाळा सरला की दुसऱ्या टप्प्यात तेही याच पद्धतीने लावायचं ठरलं आहे, हेही तिथेच कळलं.

मी भांडले. तेव्हा अध्यक्ष म्हणाले की तू तरुण आहेस, तुझं रक्त गरम आहे, आपण वहिनींनाच विचारू. ते स्वतः अमरावतीला आले. येताना संत्री आणली. मुलाच्या फ्लॅटमध्ये, सोफ्यावर, काकूंच्या समोर बसले. मी दाराशी होते. खरं सांगते, मला धास्ती वाटली होती. काकूंच्या पिढीतल्या बायका अशा वेळी काय म्हणतात, ते मला माहीत आहे. 'राहू द्या, त्यांचं राहू द्या, माझं काय एवढं.' मी माझ्या आईच्या तोंडून ते ऐकलं आहे, आजीच्या तोंडून ऐकलं आहे. अध्यक्षांनाही ते माहीत होतं. त्याच्या भरवशावरच ते आले होते.

"वहिनी," ते हळू आवाजात म्हणाले, "तुम्हीच सांगा. सरांचं अक्षर पुसू का?"

काकूंनी हातातली संत्र्याची फोड ताटलीत ठेवली.

"पुसा," त्या म्हणाल्या.

अध्यक्षांना वाटलं, काकूंना नीट ऐकू आलं नसेल. त्यांनी परत समजावायला घेतलं की पाण्यात टाकलं तर सरांचं सगळं जाईल. काकूंनी त्यांना थांबवलं.

"समजलं मले, वकीलसाहेब. त्याईचं छापून झालं. माह्यं कुठी हाय?"

मग म्हणाल्या, सगळे नका काढू, मशीनवाली तेवढी द्या. डोळ्यांत मोतीबिंदू आहे आणि त्याच्यामागे आणखी काही आहे, डॉक्टर ऑपरेशनने फार फरक पडेल असं म्हणत नाही. दिसतं आहे तोवर तिला एकदा पाहते. अध्यक्षांनी उपाय सुचवला. मनापासून सुचवला, हेच भयंकर. म्हणाले, तुम्ही तेच चित्र आठवून परत काढा ना, आम्ही सन्मानाने लावू, चौकटीसकट.

"आता कशी काढू?" काकू म्हणाल्या. "थे बाई अजून स्टँडवर उभी असन का?"

अध्यक्ष निघाले. जिन्यात मला म्हणाले, वय झालं आहे, भावनेच्या भरात बोलल्या, हे बाहेर जायला नको. आणि सभेच्या इतिवृत्तात आलं ते असं: 'लेखकाच्या पत्नीशी चर्चा झाली. विषय पुढील सभेत घ्यावा.' पुढील सभेत कोरम नव्हता. त्यानंतरच्या सभेत अध्यक्ष तीर्थयात्रेला गेले होते.

काकूंनी 'राहू द्या' म्हटलं असतं, तर तो त्यांचा मोठेपणा ठरला असता आणि फलकावर लिहिला गेला असता. 'पुसा' म्हटलं, तर म्हातारपण ठरलं. बाईचा शब्द कधी धरायचा आणि कधी सोडायचा, हे ठरवणारे लोक फार सुसंस्कृत असतात. संत्री घेऊन येतात. मला शिव्या देणाऱ्या माणसाशी भांडता येतं, पत्रक काढता येतं. या गोड आवाजाशी कसं भांडायचं, हे बाबांनीही शिकवलं नव्हतं.

काकू आता सकाळी खिडकीशी बसतात. समोर कागद असतो, बाबा अजूनही शनिवारी पोचवतात. छापखाना फ्लेक्सचा झाला, त्यामुळे कातरण मिळत नाही, विकत आणतात. कधी काकू चार रेघा ओढतात, कधी काहीच नाही. परवा मी गेले तर कागद कोरा होता आणि त्यावर वजन म्हणून औषधाची बाटली. हरताळ का, असं मी विचारलं. हो म्हणाल्या. मागणी काय, असं विचारलं, तर म्हणाल्या, तुले मालूम हाय.

मालूम आहे. म्हणून लिहिते.

अकोल्याला तुमचं येणं-जाणं असेल, लग्नाला, दवाखान्याला, कोर्टाच्या तारखेला, तर वेळ काढून त्या दालनात जा. ते ओळखू यायला नावाची गरज नाही: भिंतीभर निळं अक्षर आणि कपाटात पानाच्या डब्याशेजारी अडकित्ता. चौकटींना नमस्कार करू नका. टेबलामागे जो कोणी बसला असेल, त्याला शांतपणे सांगा की मला या कागदांची दुसरी बाजू पाहायची आहे. तो म्हणेल, मागे पुठ्ठा आहे. मग अभिप्रायाची वही मागा. त्यात 'फार सुंदर दालन' असं लिहू नका. दोन गोष्टी लिहा: पेट्यांमधले उरलेले कागद चिकटवू नका, आणि मशीनवालीची चौकट तिच्या चित्रकर्तीला परत द्या, तिचे डोळे आहेत तोवर. खाली तुमची सही करा, आणि तुमच्या मागे जो उभा असेल, त्याच्या हातात पेन द्या.